चौदा पावलं

हरवलेल्या परवान्याची तक्रार द्यायला आलेला शिंपी चौकीच्या बाकावर ताटकळत बसला होता. समोर एक आजीबाई अपघात तपासणाऱ्या हवालदाराशी बोलत होत्या.

“काल दुपारी माझा डोळा लागला होता. तेवढ्यात कुणीतरी गाडीने फाटकाजवळची टपालपेटी उडवली न् निघून गेलं. चौदा पावलांवर पडली होती.”

“एक पाऊल टाकून दाखवा, आजी.”

त्यांनी टाकलं. शिंप्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “दीड फूट.”

“म्हणजे एकवीस फूट,” हवालदाराने हिशेब केला. “गाडीचा वेग फार तर ताशी पंचवीस.”

“जास्त नाही ना?”

“साठने आली असती तर पेटी पार शेजाऱ्यांच्या अंगणात सापडली असती.”

“म्हणजे सरळ जाणारी गाडी नव्हती.”

“त्या रस्त्याने पंचवीसने कोण जातंय? तुमच्याकडेच वळत असणार. पेटीला रंगबिंग लागलाय?”

“निळा. माझ्या धाकट्याची गाडी निळी आहे.”

“मग त्यालाच विचारा की.”

“सहा वर्षं झाली, बोलत नाही तो.”

“...तक्रार लिहू ना?”

“नको. वेग तेवढा कागदावर लिहून द्या.”

“देतो. नवी पेटी बसवून घ्या.”

“बसवते. जरा लांब बसवते. पुढच्या वेळी वळताना आड यायला नको.”