रेघेखालची खिडकी

(मोठ्या कॉम्प्युटरची नियंत्रण खोली. दोघांत मिळून एकच पडदा. साहेब यायचे आहेत.)

ताई : ...म्हणजे पडद्यावरच्या दोन खिडक्यांमधली रेघ आपली आपणच वर गेली? पाय फुटले तिला?

काका : अगं, मी कशाला तुझ्या खिडक्यांना हात लावू?

ताई : माझ्यामागे या खुर्चीत दुसरं कोण बसतं? रेघेच्या वर चाचणीची, लुटुपुटीची कामं, खाली दोन ओळींच्या पट्टीत दवाखान्यांची खरी कामं. कर्सर कायम वर. डोळे मिटून टाइप करते मी.

काका : तिथंच चुकलीस. डोळे उघडून करावं.

ताई : वा! चहा पिऊन आले, नेहमीसारखी चाचणी रद्द करायला गेले, आणि बंद काय पडलं, तर रक्ततपासणीचं काम! कोणीतरी रेघ वर सरकवून कर्सर खालच्या खिडकीत सोडला होता. सगळ्या दवाखान्यांचे रिपोर्ट अडकले. आता साहेब मला घरी बसवणार.

काका : पुन्हा सुरू केलंस ना काम? येतील रिपोर्ट.

ताई : विषय बदलू नका. परवाही रेघ वरच होती. म्हटलं, वयस्कर माणूस, चुकून बोट लागलं असेल. आता कळलं. तुमच्या त्या भाच्याची वर्णी लावायचीय ना माझ्या जागी?

काका : त्याला मध्ये आणू नकोस. त्याच्यासाठी मी कुणाकडे शब्द टाकलेला नाही.

ताई : मग कॅन्टीनमध्ये साहेबांशी काय कुजबुजत होता? मला बघितल्यावर तोंडाला कुलूप!

काका : रजा मागत होतो.

ताई : तुम्ही? अंगात ताप असला तरी येता तुम्ही!

काका : असतं माणसाला एखादं काम.

ताई : कसलं?

काका : वकिली पुरे. पडद्याकडे बघ.

ताई : तुम्हीच बघा. खालच्या खिडकीत काय आहे, वाचा.

काका : त्यात काय वाचायचं? रक्ततपासणी चालू, एक्सरे चालू, औषधसाठा चालू. सगळं हिरवं.

ताई : परत वाचा.

काका : शाळेत आहे का मी? सगळं हिरवं म्हटलं ना!

ताई : काका, खालची खिडकी मी मघाशीच बंद केलीय. अख्ख्या पडद्यावर नुसती चाचणी आहे.

काका : अक्षरं विरघळतात गं. रंग तेवढा कळतो. तुझ्या त्या चिंचोळ्या पट्टीत लाल आलं असतं तरी मला दिसलं नसतं. म्हणून पट्टी मोठी करायला कर्सर तिथं नेऊन रेघ वर घ्यायचो. तू यायच्या आत खाली आणायचो, कधी राहून जायचं. आज तू लवकर आलीस.

ताई : रजा डोळ्यांसाठी होती?

काका : ऑपरेशन करू म्हणतात, पण खात्री देत नाहीत. घरी सांगितलेलं नाही. तुझ्या काकूलासुद्धा नाही.

ताई : आणि मी तुम्हाला नाही नाही ते बोलले.

काका : बोलायलाच हवं होतंस. तुझी नोकरी जायची वेळ आली, तरी मी मूग गिळून बसलो. खुर्ची सुटेल म्हणून घाबरलो, दुसरं काय!

ताई : जिन्यावर पावलं वाजताहेत.

काका : तू काही बोलू नकोस. सगळं मीच सांगतो. फक्त एक कर.

ताई : काय?

काका : दारात जे उभे राहतील ते साहेबच ना, तेवढं मला हळूच सांग.