विश्वेशची फुंकर

...कुणी विश्वास ठेवला नाही हो माझ्यावर! घसा फोडून सांगत होते, कुठंतरी पाणी मुरतंय, पण चौथी पास बाईचं ऐकतं कोण? तुम्हाला सांगते, माझा मुकुल कॉलेजचा धावपटू, तीन वर्षं पहाटे उठून धावतोय. कॉलेजात तपासणी लागली, खेळणारी पोरं इकडे, न खेळणारी तिकडे, पायात जोर कुणाच्या नि छातीत दम कुणाच्या... न खेळणारी कमी पडली, म्हणून आमच्या ह्यांनी पुतण्याला नेलं, विश्वेशला. रामघाटावर वेदपाठशाळेत असतो, काडीसारखे पाय, जन्मात चेंडूला लाथ नाही मारली! पायांच्या जोरात मुकुलनं त्याला लोळवलं, पण विश्वेश दम मोजायच्या मशीनच्या नळीत फुंकायला गेला... तर हा सगळ्यांच्या वर!

झालं! मुकुलनं बूट काढून माळ्यावर फेकले. "आई, माझ्यात दमच नाही. रविवारच्या शर्यतीत धावणार नाही मी." जेवेना!

मी म्हटलं, पाणी मुरतंय! आधी मशीनवर संशय, मग विश्वेशवर, म्हटलं, गाल फुगवून फसवलं असेल मेल्यानं! गेले तरातरा कॉलेजात. तपासणीवाली मॅडम गोड हसून म्हणते, "आंटी, मशीन झूठ नहीं बोलती." म्हटलं, मशीन नहीं बोलती, आदमी तो बोलता है! फॉर्म दिखाओ!

काढला फॉर्म. वाचला तिनं. "व्यायाम: नहीं. मेहनत: नहीं."

नहीं?? अहो, पहाटेपासून पाच-पाच तास ऋचा म्हणतं ते पोर, एकेक ऋचा एका दमात! मधे श्वास घेतला तर गुरुजी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावतात! वर पूजेच्या पाण्याच्या कळशा, घाटाच्या पायऱ्या तीनदा खाली, तीनदा वर! हे ऐकून मॅडमनं कपाळाला हात लावला, न खेळणाऱ्यांतून विश्वेशचं नाव खोडलं, म्हणाली, "मुकुल का दम तो बहुत अच्छा है, आंटी." घरी येऊन सांगितलं, तेव्हा कुठं पोरानं बूट खाली काढले.

पण फॉर्म भरला कुणी? अक्षर ओळखते मी! घरी ह्यांना विचारलं, तर काय म्हणावं? "अगं, वेद म्हणणं म्हणजे काय दंडबैठका? अध्ययन आहे ते, अध्ययन!"

बघा! माझ्याच घरात मुरत होतं पाणी! लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर पंचवीस वर्षं नवऱ्याचं नाव नाही घेतलं तोंडानं. आज घेते. दत्तात्रेय!