परत न आलेल्या दाढा

—अजून थोडं उघडा, सर. हां, अस्सं. कापूस ठेवतोय, घाबरू नका. तर काय सांगत होतो? आमच्या लेकीचं. तुमचीच विद्यार्थिनी ती, पण वर्गात गरीब गाय असेल, घरी नाही हो! संख्याशास्त्रात एम.एस्सी. करतेय म्हणून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो होतो. आता शाखा निवडायची, तर म्हटलं विम्याकडे जा बाई — माणूस कधी मरणार याचा अंदाज बांधायचा, तोही एसीत बसून, आणि अंदाज चुकला तर तो माणूस भांडायला येत नाही! याहून सुखाची नोकरी कुठली? नाही म्हणाली. मग कारखान्यात जा, माल तपास. नाही. सरकारी सर्वेक्षण? नाक मुरडलं. बाईसाहेबांना वैद्यकीयच हवं — कुठला उपचार किती टिकतो ते शोधायचं. म्हटलं, शोध. आपण डॉक्टरच आहोत — दातांचे, पण डॉक्टरच ना? — आणि प्रकल्पासाठी माझ्या दवाखान्याचे आकडे दिले. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

टोचलं? आता बधिर होईल. तर विषय काय, भरलेली दाढ किती टिकते. आणि तुलनेला कोणाला घ्यावं? तिचा मामा! समोरच्या इमारतीत दातांचाच दवाखाना आहे त्याचा — माझा मेहुणा. निकाल काय, तर मामाच्या दाढा जास्त टिकतात. मामाच्या! एकेका दाढेला अर्धी दुपार लावतो तो माणूस, पेशंट खुर्चीत घोरतात. मी म्हटलं, बाळ, तुझं गणित चुकलंय. माझे कितीतरी पेशंट एकदा दाढ भरून गेले ते परत आलेच नाहीत — म्हणजे दाढ ठणठणीत, नाही का? त्या सगळ्या टिकल्या असं धर. तर म्हणते, "बाबा, परत आले नाहीत म्हणजे माहीत नाही. शेवटचे दिसले तिथपर्यंतच दाढ टिकली असं धरता येतं." अगं, माहीत नाही काय? माझे पेशंट आहेत ते! तर म्हणते, सरांनी हेच तर शिकवलंय. कुठले सर? हे, तुम्ही! मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, आकडे परत दे, माझी परवानगी नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, पण ताट उचललं आणि खोलीत गेली. तेव्हापासून अबोला — मीठ हवं असलं तरी आईमार्फत मागते. तिची आई सांगते, उद्या तुमच्याकडे येऊन ती विषय सोडणार आणि मुकाट्यानं विम्याची शाखा घेणार. म्हणजे माझंच खरं झालं की नाही? झालं. मग जेवण का जात नाही मला? कारण मनात येतं, खरंच टिकत नसतील तर?

छे, भलतंच. तुमचंच बघा ना — तुमची ही मागची दाढ मीच भरली होती, नंतर तुम्ही फिरकला नाहीत. मी तिला तुमचंच उदाहरण दिलं, म्हटलं तुझ्या सरांनाच विचा— थांबा. दिवा इकडे घेतो. हे काय? हे माझं काम नाही. मी हा माल वापरतच नाही. आणि इतकी गुळगुळीत कड या रस्त्यावर एकच माणूस काढतो. सर, तुम्ही समोर गेला होतात? मान हलवू नका, मशीन— थांबा, बंद केलं. हलवा आता. हो? मी भरलेलं निघून पडलं म्हणून? किती दिवसांत — नको, राहू दे. आणि आज शेजारची दुखायला लागली, मेहुणा गावाला गेलाय, म्हणून इकडे. होय ना? वर्गात एवढं शिकवता, मला एक शब्द सांगता आला नाही? लाज वाटली? सगळे असेच लाजून समोर जातात का हो? मला आपलं वाटायचं, बरे झाले.

...

नाही, चिडलो नाही. सावकाश काम करतोय, एवढंच. बाहेरचे थांबतील.

चूळ भरा. विषय बदलायला ती आली तर बदलू देऊ नका. आकडे तिचेच आहेत, आणि तुमची दाढ निघालेल्यांत धरायला सांगतो तिला. मी सांगतो, तिच्या खोलीत जाऊन. चुकलं माझं, हेही सांगतो. आणि सर, ही आजची निघाली तर इथेच यायचं. समोर जायचं नाही. शिव्या द्या, पण या. येणार ना? नुसती मान नका हलवू... बरं, जीभ बधिर आहे, राहू दे. उठा आता. कोण आहे पुढे?