पडली का, नाई

माझं माहेर दवनीवाड्याकडचं, सासर नवेगाव बांधाजवळ, आन् दोन्हीकडे धानच धान, त्याच्यानं हातात पाटी येण्याच्या आधी चिखलात पाय गेले, चाळीस वर्षं धानाचा रोवणा केला, दिवसभर वाकून रोपं लावली, पोटरीच्या नसा दोरीवाणी फुगल्या तरी कोण पाहते. मंग एका साली घोट्याच्या वर खाज सुटली, फोड आला, फुटला, तो आजवर फुटलेलाच आहे. अकरा वर्षं झाली, माझ्या नातवापेक्षा माझी जखम मोठी आहे. वास येते, काय सांगू तुम्हाला, लग्नाच्या पंगतीत बाजूची बाई हळूच सरकून बसते, मीही मनात म्हणते सरक बाई, मलेच माझी किळस येते तर तुले काऊन येणार नाई.

दर मंगळवारी दवाखान्यात ड्रेसिंगले जाते. नाव नका लिहू दवाखान्याचं. पट्टी एवढी जाड बांधतात का एक पाय हत्तीचा आन् एक माणसाचा, तळव्याले जमीन लागते का नाई तेही समजत नाई. म्हणून त्यायनंच जाड तळव्याची चप्पल दिली, म्हणे आजी, ही घातल्याशिवाय पाऊल टाकू नका, पडाल. आन् ड्रेसिंगच्या खोलीच्या दारावर लिहिलं आहे का चपला बाहेर काढा. आपल्या लोकायले सांगावंही लागत नाई, देवळावाणी आपोआप काढतात, काठीही तिथंच टेकवतात. आत फिनाईलनं पुसलेली ओली फरशी. एका पायावर उभं राहून चप्पल काढाची, भिंतीले धरा तर भिंतीवर पान थुंकलेलं. मी तिथं एकदा पडली. घरी दोनदा.

कोणाले सांगितलं नाई. माझा रमेश नागपूरले असते, एका खोलीत चार जण, तो मांगच म्हणाला होता का आई, आता एकदा पडली ना, तर घराले कुलूप लावतो आन् तुले घेऊन जातो. पोरगा वाईट नाई, पण तिथं मी कुठं बसू, कोणाच्या नाकाजवळ हा पाय ठेवू? इथं माझं घर आहे, धानाच्या बांधीत पाय नेईल तिथवर सारं माझं आहे.

मंग दवाखान्यात रुग्ण पडू नये म्हणून पंधरवडा निघाला. मोठे साहेब आले, फीत कापली, नारळ फोडला तो त्याच दाराशी, पाणी फरशीवर, आन् आम्हाले म्हणाले सांभाळून चला. एक तासभर भाषण झालं, आम्ही लटकत्या पायानं बाकावर, पाय सुजून राहिले. मंग एक पोरगी कागद घेऊन आली, वर्षभरात पडलात का? पहिला बुढा म्हणे, मी काऊन पडतो, मी काय दारू पेतो? दुसरा म्हणे नाई. माझ्या बाजूले पर्बताबाई होती, दर मंगळवारची माझी जोडीण, ती त्याच सकाळी चप्पल काढता काढता आपटली होती, कोपर सोललेलं. ती हो म्हणायले तोंड उघडत होती, मी तिले ढोसलं. कायले सांगतेस वो, घरी फोन करतात, सून घराबाहेर निघू देणार नाई, काठीही हातात देणार नाई मंग. ती म्हणाली, नाई बाई, मी नाई पडली. मीही नाई म्हणाली. पोरीनं तिचं कोपर पाहिलं, मंग कागद पाहिला, आन् कागदावर नाई लिहिलं.

पंधरा दिवसांनी दाराशी फलक लागला का आमच्या इथं कोणी पडत नाई. साहेबाचा हार घातलेला फोटो.

दोन मंगळवार पर्बता आली नाई. मी तिच्या गावाले गेली, तर ती न्हाणीत पडलेली, खुब्याचं हाड मोडलं, खाट बाहेर सपरीत, ओसरीवर टाकलेली, पट्टी कोणी बदललेली नाई, माशा बसून राहिलेल्या. मी पदर नाकाले लावला. मी, जिचा पाय असाच आहे, तिनं. ती हसली, म्हणे, आता फिकर नाई वो, खाटेवरून कुठं पडते मी? मी तिले ढोसलं होतं, त्याचा एक शब्द बोलली नाई. बोलली असती तर बरं झालं असतं. जखमेची किळस येते ती वेगळी, त्या दिवशी जी आली ती माझी मलेच.

परवाच्या मंगळवारी मी त्या पोरीले जाऊन सांगितलं, लिव, मी तीनदा पडली, एकदा तुमच्या ह्याच दारात. म्हणे आजी, ते अभियान संपलं. मी म्हटलं, पडणं नाई ना संपलं, कोऱ्या कागदावर लिव. पर्बताचंही लिव. तिनं लिहिलं, आन् माझ्यासमोर रमेशले फोन लावला. तो म्हणे रविवारी येतो.

येऊ दे. तो कुलूप आणते का न्हाणीत धरायले दांडा ठोकून देते, त्याले ठाऊक. त्याचं भलं होवो, लेकरांचं होवो. मी आता चप्पल घालूनच आत जाते, सिस्टर ओरडते, ओरडो बिचारी, तिची फरशी घाण होते. पर्बताकडे उद्या जाऊन पट्टी बदलून येईन म्हणते, नाक बांधून का होईना. तुम्ही येता का? नाई, कोणी येत नाई.