एका प्रवाशामागे बारा

मला खरंच वाटलं होतं की लोक वायफाय मागतील, चांगली कॉफी मागतील. आपल्या रत्नागिरीच्या होऊ घातलेल्या विमानतळावर कोणत्या सोयी हव्यात, याच्या सूचना गोळा करायचं काम मी परदेशातून शिकून आल्या आल्या हौसेनं अंगावर घेतलं होतं. फॉर्म घेऊन मिरकरवाड्याला गेले, तर पहिल्याच भेटल्या मासे विकणाऱ्या शेवंतीमावशी. त्यांचा मुलगा व्यापारी जहाजावर असतो.

"मावशी, तुम्हाला विमानतळावर काय हवं?"

"मी कुठं उडणार गो? पोरगा जाईल. आम्ही बाराजण पोचवायला येऊ."

"पोचवणाऱ्यांना आत सोडत नाहीत. दारातूनच परत."

सुरमई कापता कापता मावशींचा हात थांबला. "मग विमान सुटताना दिसणार कुठनं?"

"नाही दिसणार."

"मग एसटीच बरी. वळणाआड जाईस्तोवर हात तरी हलवता येतो. पुढं नऊ महिने तोंड दिसत नाही त्याचं. एवढी शिकलीस बाय, आणि आमाला उभं राहायला एक जागा सुचत नाही तुला?"

मी सुरक्षेच्या नियमांवर बरंच बोलले. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन बांगडे बांधून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्मवर आधीच लिहून ठेवलेली वायफायची सूचना खोडून नवी लिहिली : कुंपणाबाहेर, धावपट्टी दिसेल अशी, छप्पर असलेली उंच गॅलरी. 'किती लोकांसाठी?' या रकान्यात लिहिलं, एका प्रवाशामागे बारा.