अर्धा इंच

मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक मावशी आणि तिची भाची बसल्या होत्या. मावशीच्या गळ्यात मापाची टेप तशीच राहिली होती.

"दुखतं का गं मावशी?"

"चांगलं दाबतात. मिनिटभर जीव नकोसा होतो, मग संपलं."

"आणि ती किरणं? आई तर म्हणायची, त्यानंच नसलेलं दुखणं मागे लागेल."

"अगदी थोडी असतात म्हणे. मघाशी डॉक्टरीणबाईंना खोदून खोदून विचारलं. कधी उगाच शंका काढून परत बोलावतात, तेवढा घोर सोसायचा. पण बऱ्याचदा हाताला लागायच्या आधीच दिसतं."

"आईच्या वेळी का नाही विचारलंस?"

"तेव्हा मी फार शहाणी होते ना! तीस वर्षं बायकांची मापं घेतेय, मला काय मशीन सांगणार?"

"जाऊ दे ना आता."

"तू घातलायस ना, हाच ब्लाउज घेऊन आली होती ती. म्हणाली, ताई, डावीकडेच घट्ट होतोय गं. मी टेप लावली. फरक दिसला मला, दिसला! आणि मी काय केलं? डावी शिवण अर्धा इंच सोडली. वर म्हटलं, जाड झालीयेस, खाणं आवर."

"शेवटपर्यंत हाच घालायची."

"तुला डावीकडे ढगळ होतोय बघ. घरी गेल्यावर काढून दे, टीप मारते."

"चौदा नंबर, आत या!"

"नको मावशी. तेवढी जागा राहू दे."