दाराआडची तिघं

सिस्टर : हलू नका डॉक्टरबाई, अजून रक्त भळभळतंय. गॉजची घडी जखमेवर दाबून धरा. मी कपाट दाराला लावते.

डॉक्टर : सलाइनचा स्टँडच घातला हो त्यानं डोक्यात. मी एवढंच म्हटलं, तुमच्या आई गेल्या.

मुलगा : दार उघड! माझ्या आईला मारलंस! बाहेर ये, जिवंत सोडत नाही तुला!

डॉक्टर : लाथा घालतोय. सिस्टर, मागचं दार?

सिस्टर : त्याला मोडक्या खाटा लावल्यात. किती वेळा वरच्यांना सांगितलं, ती वाट मोकळी करा, इथे धोक्याची घंटा बसवा. म्हणे, काही झालं तर बघू. आता या म्हणावं बघायला! फोनवर रखवालदार काय म्हणतो?

डॉक्टर : म्हणतो, बाहेर ही गर्दी, मी एकटा काय करू? पोलिस निघालेत.

मुलगा : सकाळी धड बोलत होती माझ्याशी! तुम्ही सुई टोचली आणि गेली!

डॉक्टर : अहो, त्यांचं हृदय बंद पडलं होतं! आम्ही छाती दाबत होतो, शेवटपर्यंत...

सिस्टर : गप्प बसा. आता त्याला काही ऐकू येत नाहीये. खाली वाका!

(कपाटाच्या वरची दाराची काच फुटते.)

डॉक्टर : हात घातला आत! कडी काढतोय! सिस्टर, हाणा तो ट्रे त्याच्या हातावर!

सिस्टर : थांबा. शीर कापलीय त्याची. रक्त कसं उडतंय बघा.

मुलगा : सोड! माझा हात सोड!

सिस्टर : मनगट सोडलं तर इथेच आडवा होशील. मुकाट उभा राहा.

डॉक्टर : सिस्टर, तो आपल्याला मारायला आलाय!

सिस्टर : माहितीये. डॉक्टर, माझ्या पोरी, मी दाबून धरते, तू वरून पट्टी आवळ. घट्ट. रडायचं नंतर.

मुलगा : गरगरतंय... आईला बघूसुद्धा दिलं नाही मला. नुसतं बाहेर ढकललं.

सिस्टर : ते चुकलंच आमचं. टाके पडले की मी स्वतः नेते तुला तिच्याजवळ.

मुलगा : पोलिसांना नका सांगू. माझं डोकं फिरलं होतं.

सिस्टर : तुझं फिरलं, हिचं फुटलं. डॉक्टर, पोलिस आले वाटतं. बोलता येईल ना तुम्हाला?

डॉक्टर : बोलेन. पण जीभच थरथरतेय.

सिस्टर : थरथरू दे. सगळं सांगा. मी शेजारी बसते.